महासाथ आणि त्वचेचा कर्करोग : शुश्रूषेतील विलंबाचा विचार

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले. दोन आठवड्यांनी, २५ मार्चपासून, आपल्या देशात टाळेबंदी सुरू झाली. मुंबईच्या लोकलगाड्या त्याआधीच, २२ मार्चच्या मध्यरात्री, थांबल्या होत्या. ज्यांना कोरोना झाला त्यांच्याविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. परंतु त्याच दिवसांत ज्यांच्या शरीरात दुसरा एखादा रोग गुपचूप वाढत होता, त्यांच्या शुश्रूषेचा विचार त्यामानाने कमी झाला. प्रस्तुत लेखात आम्ही अशा एका रोगाचा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा, विचार करणार आहोत. रुग्णाने थांबावे की थांबू नये, हा प्रश्न महासाथीने प्रत्येक कर्करोगतज्ज्ञापुढे टाकला होता. त्याचे उत्तर या रोगाच्या बाबतीत जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसते.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण घडले. आमच्या विहारात नियमित येणाऱ्या एक उपासिका होत्या. सफाई कामगार म्हणून तीस वर्षे नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. २०२० च्या जानेवारीत त्यांच्या उजव्या टाचेवर एक काळपट डाग दिसू लागला. घरच्यांनी त्याला कुरूप म्हटले. औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणून लावली. डाग गेला नाही, तेव्हा मार्चअखेर डॉक्टरांना दाखवावे असे ठरले. ते दाखवणे दिवाळीपर्यंत लांबले. त्यांची हकिकत पुढे येईलच. तत्पूर्वी मूळ रोग समजून घेणे अगत्याचे आहे.

एक नाव, तीन रोग

त्वचेचा कर्करोग हा एकच रोग आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक या एका नावाखाली निदान तीन प्रमुख रोग येतात आणि त्यांचे स्वभाव एकमेकांहून अत्यंत भिन्न आहेत. आपल्या त्वचेचा वरचा थर अनेक पेशींच्या रांगांनी बनलेला असतो. त्यातील सर्वांत खालच्या रांगेतील पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा जो कर्करोग, त्यास बेसल सेल कार्सिनोमा म्हणतात. त्यावरील चपट्या पेशींपासून होणारा तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. आणि त्वचेला रंग देणाऱ्या रंजक पेशींपासून होणारा तो मेलानोमा.

पहिला रोग संथ असतो. नाकावर, पापणीजवळ, गालावर तांदळाच्या दाण्याएवढी चकचकीत पुळी येते, किंवा एखादी जखम भरते आणि पुन्हा उघडते. ती वाढण्यास महिने, कधी वर्षे लागतात. शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण अत्यल्प असते. मात्र असेल त्या जागी तो कुरतडत जातो. डोळ्याजवळ असेल तर डोळा आणि नाकावर असेल तर नाक धोक्यात येते. दुसरा रोग मधल्या स्वभावाचा. बहुतेक रुग्णांत तो शस्त्रक्रियेने बरा होतो. परंतु ओठावर, कानावर, भाजल्याच्या जुन्या वणावर किंवा वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेवर तो उद्भवला, अथवा रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असली, तर तो लसिका ग्रंथींत उतरू शकतो. काही गाठी आठवड्या-आठवड्याला वाढताना दिसतात.

तिसरा रोग संख्येने सर्वांत कमी. परंतु त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा फार मोठा आहे. त्याचे भवितव्य बव्हंशी एका मोजमापावर अवलंबून असते. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवून दिले की, मेलानोमा त्वचेत किती खोल गेला आहे हे मिलिमीटरमध्ये मोजले असता रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येतो. ही खोली १ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीहून किंचित जास्त, असेल तर नुसता डाग कापून बहुतेक रुग्ण बरे होतात. ४ मिलिमीटरच्या पुढे गेल्यास चित्र पालटते. म्हणजे या रोगात जगणे आणि मरणे यांमधील अंतर तीन मिलिमीटरांचे आहे, आणि ते अंतर काळाने भरून निघते. किती काळात, हे प्रत्येक रुग्णात वेगळे असते. काही मेलानोमा वर्षभर पसरट राहतात, तर काही तीन महिन्यांत खोल जातात.

विलंबाचे गणित

२०२० च्या वसंतात युरोप-अमेरिकेतील वैद्यकीय संस्थांनी केलेल्या विभागणीचा अर्थ आता लक्षात येईल. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने १७ मार्च रोजी रुग्णालयांना कळविले की, तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलून खाटा मोकळ्या कराव्यात. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया शब्दशः यातून वगळलेल्या होत्या. परंतु भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि श्वसनयंत्रे हीच कोरोना कक्षांकडे गेल्यावर वगळण्याला फारसा अर्थ उरला नाही. म्हणून रुग्णांची क्रमवारी लावण्यात आली. कोणाला तीन दिवसांच्या आत, कोणाला चार आठवड्यांत, कोणाला तीन महिन्यांपर्यंत, आणि कोणाला त्याहूनही पुढे. बेसल सेल कार्सिनोमाचे बहुसंख्य रुग्ण शेवटच्या गटांत गेले.

वरवर पाहता ही उपेक्षा वाटेल. परंतु तसे म्हणणे न्याय्य होणार नाही. हा रोग मुख्यतः वृद्धांचा आहे, आणि कोरोनाने सर्वाधिक बळी घेतले तेही वृद्धांचेच. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाच्या गालावर सहा महिन्यांत दोन मिलिमीटर वाढणारी पुळी असेल, तर त्या सहा महिन्यांत रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात काढलेला एक तास त्या पुळीपेक्षा अधिक घातक ठरू शकत होता. त्याला घरी थांबवणे हाच त्या काळी त्याच्यावरचा उपचार होता. डोळ्याजवळची, मज्जातंतूकडे सरकणारी अथवा रक्तस्राव होणारी गाठ मात्र यास अपवाद समजली गेली. स्क्वॅमस सेल कार्सिनोमातही लहान व सौम्य गाठींना थांबवून झपाट्याने वाढणाऱ्या, चिघळलेल्या आणि दुखणाऱ्या गाठींना पुढे घेण्यात आले.

मेलानोमाच्या बाबतीत वाद झाला. अमेरिकेतील नॅशनल कॉम्प्रिहेन्सिव्ह कॅन्सर नेटवर्क या संस्थेने असे सुचविले की, तुकडा तपासणीच्या वेळीच डागाचा बहुतांश भाग निघालेला असेल आणि खोली १ मिलिमीटरपर्यंत असेल, तर भोवतालची त्वचा कापण्याची दुसरी शस्त्रक्रिया तीन महिन्यांपर्यंत लांबवता येईल. अधिक खोल मेलानोमांना आधी घ्यावे. यावर काही त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाकडे बोट दाखविले. त्यात दीड लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. पहिल्या अवस्थेतील ज्या रुग्णांची शस्त्रक्रिया तीस दिवसांच्या आत झाली, त्यांच्या तुलनेत ११९ दिवसांहून अधिक थांबलेल्यांत मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी अधिक आढळला होता. पुढच्या अवस्थांत मात्र विलंबाचा असा परिणाम दिसला नव्हता. बहुधा तेथे रोगाचा मूळ जोरच निर्णायक ठरत असावा. अर्थात ज्यांची शस्त्रक्रिया लांबते ते अनेकदा आधीच अधिक आजारी किंवा अधिक गरीब असतात, ही गोष्ट असे आकडे वाचताना विसरता कामा नये.

आमच्या मते क्रमवारी लावणे योग्यच होते. तिच्यामागील एक गृहीतक मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. खोली किती, प्रकार कोणता, सौम्य की उग्र, हे सारे कळते ते तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. म्हणजे ज्याची गाठ तपासली गेली आहे, त्याच्याच विलंबाचा हिशेब मांडता येतो. ज्याने डाग कोणाला दाखवलेलाच नाही, त्याचा हिशेब कोणत्याही कोष्टकात बसत नाही. तुकडा काढणे हे जागा बधिर करून दहा-पंधरा मिनिटांत होणारे काम आहे. त्यास खाट लागत नाही, श्वसनयंत्र लागत नाही. साथीच्या काळात शस्त्रक्रिया थांबल्या तरी पहिली तपासणी थांबू नये, असे आम्ही म्हणतो त्याचे कारण हे आहे.

शस्त्रक्रियेच्या खोलीत

ज्या शस्त्रक्रिया झाल्या, त्या करणाऱ्यांपुढे एक विलक्षण अडचण होती. त्वचेचे बहुसंख्य कर्करोग चेहऱ्यावर येतात. नाकावरची गाठ काढायची तर रुग्णाचा मुखपट्टा उतरवावा लागतो, आणि शल्यचिकित्सकाला तासभर त्याच्या श्वासापासून वीतभर अंतरावर काम करावे लागते. रक्त थांबविण्यासाठी विद्युत उपकरणाने ऊती जाळताना धूर निघतो, त्याचीही धास्ती होती. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी चाचणी, डॉक्टरांस एन-९५ मुखपट्टा व चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, धूर ओढून घेणारी नळी, अशी व्यवस्था करण्यात आली. आपोआप विरघळणारे टाके घालण्यावर भर देण्यात आला, जेणेकरून टाके काढण्यासाठी दुसरी फेरी पडू नये. तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच दिवशी उरकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आली.

लहान वाटणाऱ्या काही गोष्टी रुग्णाच्या दृष्टीने लहान नव्हत्या. कानावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला कानामागे अडकवायचा मुखपट्टा चालत नाही. त्याला डोक्यामागे नाडी बांधायचा पट्टा द्यावा लागतो. ऐकू कमी येणारा वृद्ध समोरच्याच्या ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखत असतो. डॉक्टरांचे तोंड झाकलेले आणि सोबत आलेल्या मुलाला दाराबाहेर थांबविलेले, अशा स्थितीत त्याला ‘कर्करोग आहे’ हे वाक्य ऐकावे लागे, किंवा ते ऐकूच येत नसे. जेथे परिचारिकांनी ठळक अक्षरांत लिहिलेल्या पाट्या वापरल्या, तेथे हे काम सुकर झाले असेल.

साथीत कर्करोगाची शस्त्रक्रिया करणे म्हणजे रुग्णाला मृत्यूच्या दाढेत ढकलणे, असे प्रारंभी वाटत होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा अनुभव या भीतीला उत्तर देतो. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात तेथे निरनिराळ्या कर्करोगांच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांत एकही मृत्यू झाला नाही. हे आकडे एकट्या त्वचेच्या कर्करोगाचे नाहीत. तथापि काटेकोर काळजी घेतल्यास काम चालू ठेवता येते, हे त्यावरून दिसून आले.

औषधे आणि ताप

पसरलेल्या मेलानोमावर गेल्या दीड दशकात नवी औषधे आली. कर्करोगाच्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला जो लगाम घालतात, तो ही औषधे सोडवतात. या लगामाचा शोध लावल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे शिरेतून द्यावी लागतात आणि त्यासाठी रुग्णालयात जावे लागते. महासाथीत प्रश्न आला, फेऱ्या कमी कशा कराव्यात? पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम दिले जात असे. त्याऐवजी दर सहा आठवड्यांनी ४०० मिलिग्रॅम देण्यास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २८ एप्रिल २०२० रोजी मान्यता दिली. युरोपात ती आदल्या वर्षीच मिळाली होती. निव्होलुमॅबही दोनऐवजी चार आठवड्यांच्या अंतराने देण्यावर भर आला. ज्यांच्या गाठीत बीरॅफ या जनुकाचा विशिष्ट दोष आहे, त्यांना घरी बसून घेता येणाऱ्या डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या औषधांचा पर्याय होता. आपल्याकडे अशा औषधांच्या मात्रेची किंमत लाखांच्या घरात जाते. सबब आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या दृष्टीने हा परिच्छेद दुरूनच पाहण्याचा आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

तरीही यातील एक गोष्ट सर्वांनी समजून घेण्यासारखी आहे. लगाम सुटलेली प्रतिकारशक्ती कधी कधी स्वतःच्याच फुप्फुसांवर उलटते. मग खोकला येतो, धाप लागते, छायाचित्रात फुप्फुसे धुरकट दिसतात. कोरोनातही नेमके हेच दिसते. डाब्राफेनिब व ट्रामेटिनिब एकत्र घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना औषधाचाच ताप येतो. म्हणजे ताप आणि खोकला घेऊन आलेला मेलानोमाचा रुग्ण कोरोना कक्षात पाठवावा की कर्करोग विभागात, हे दारावरच्या माणसाला कळणे अशक्य होते. पहिल्या स्थितीत स्टेरॉइड देणे अत्यावश्यक. दुसरीत ते द्यावे की नाही याविषयी सुरुवातीस साशंकता होती. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने दाखविले की, प्राणवायूची गरज लागणाऱ्या कोरोना रुग्णांत डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड मृत्यू कमी करते. त्यानंतर ही कोंडी काहीशी सैल झाली. अशा रुग्णाने आपण कोणते औषध घेतो त्याची चिठ्ठी सदैव जवळ बाळगावी, हा त्यातून निघालेला साधा पण प्राणरक्षक नियम होय.

दूरध्वनीवरची तपासणी

टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली प्रसिद्ध केली. त्वचारोग हे डोळ्यांनी पाहण्याचे शास्त्र असल्याने छायाचित्रावरून तपासणी करण्यास ते सर्वांत सोयीचे, असे मानले गेले. त्यात तथ्य आहे. डागाचे एक चित्र दुरून, एक जवळून, सूर्यप्रकाशात, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून काढले, तर तज्ज्ञाला पुष्कळ काही कळते. महिन्यानंतरचे चित्र त्याशेजारी ठेवले तर आणखी कळते. परंतु जांघेत किंवा काखेत अवधाण आले आहे का, हे बोटांनी चाचपूनच समजते. आणि स्वतःच्या तळव्याचे चित्र काढणे साठीच्या बाईला जमत नाही. घरात एकच फोन असेल आणि तो घेऊन मुलगा कामावर गेला असेल, तर चित्राचा प्रश्नच उद्भवत नाही.

अशा तपासणीत रुग्णाचे सांगणे हेच डॉक्टरांचे निम्मे साधन असते. येथे आम्हांस विनयपिटकातील महावग्गाचे स्मरण होते. चीवरक्खन्धकात आजारी भिक्खूच्या शुश्रूषेचा जो प्रसंग आहे, त्याला जोडून कोणत्या रुग्णाची सेवा करणे सोपे आणि कोणाची अवघड, याचे विवेचन येते. जो आपल्या आजाराची स्थिती शुश्रूषा करणाऱ्यास जशी आहे तशी सांगतो, वाढत असेल तर वाढत आहे, कमी होत असेल तर कमी होत आहे, स्थिर असेल तर स्थिर आहे असे सांगतो, त्याची सेवा सुकर होते, असा त्याचा आशय आहे. दूरध्वनीवर डॉक्टरांना नेमक्या याच तीन गोष्टी हव्या असतात. आपल्याकडे रुग्ण ‘बरे आहे’ असे म्हणतो, कारण मुलाला सुट्टी काढावी लागू नये, गाडीभाडे पडू नये. हे सौजन्य अनेकदा महागात पडते.

घरातील मलमपट्टी

ज्यांचा रोग पुढे गेला होता, त्यांची शुश्रूषा टाळेबंदीत सर्वस्वी घरावर पडली. चिघळलेल्या गाठीची पट्टी बदलण्यासाठी जे रुग्ण एक दिवसाआड दवाखान्यात जात, त्यांच्या सुना, मुली, नाती रातोरात परिचारिका झाल्या. पुरुषही झाले, पण कमी.

हे काम कसे करावे, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. कारण साथ असो वा नसो, खेड्यांतून ही वेळ आजही येते. उकळून निववलेल्या पाण्यात थोडे मीठ घालून त्याने जखम धुवावी. जुनी पट्टी ओढून काढू नये. त्याच पाण्याने भिजवून सैल होऊ द्यावी, अन्यथा रक्त वाहू लागते. कर्करोगाच्या जखमेला जी दुर्गंधी येते, ती मुख्यतः मृत ऊतींत वाढणाऱ्या जंतूंमुळे येते. मेट्रोनिडॅझोल या गोळीची बारीक पूड जखमेवर भुरभुरल्यास ती पुष्कळ कमी होते. वेदनाशामक सेवेत काम करणारे डॉक्टर हा उपाय नेहमी सांगतात आणि तो स्वस्तही आहे, मात्र त्यांना विचारून करावा. रक्त आल्यास स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. पट्टी बदलण्याआधी अर्धा तास वेदनाशामक गोळी द्यावी. वापरलेले कापसाचे बोळे व पट्ट्या बंद पिशवीत घालून स्वतंत्र टाकाव्यात. कचरा उचलणाराही माणूसच असतो.

दुर्गंधीमुळे रुग्णाचे जेवणाचे ताट हळूहळू पडवीत जाते, हे आम्ही पाहिले आहे. वर उल्लेखिलेल्या विनयातील प्रसंगातच उत्तम परिचारकाच्या लक्षणांत घाण उपसताना किळस न वाटणे हे एक लक्षण मानले आहे. २०२० साली या किळशीला भीतीची जोड मिळाली आणि वर ‘सामाजिक अंतर’ हा शब्द आला. अंतर शरीराचे राखायचे होते, समाजाचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच शारीरिक अंतर हा शब्द पुरस्कारिला. पिढ्यान्पिढ्या ज्यांनी दुसरे अंतर सोसले आहे, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

जे आलेच नाहीत

भारतातील ४१ कर्करोग केंद्रांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. मार्च ते मे २०१९ या तीन महिन्यांत तेथे १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ते ५१,७६० झाले. म्हणजे ५४ टक्के घट. मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या. हे आकडेही सर्व कर्करोगांचे आहेत. त्या तीन महिन्यांत साठ हजार लोकांचे कर्करोग नाहीसे झाले नव्हते. ते घरीच होते. मुंबईत अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल १५ जून २०२० ला सुरू झाली. सर्वसामान्यांसाठी ती ठरावीक वेळांपुरती खुली झाली १ फेब्रुवारी २०२१ रोजी.

आमच्या परिचयाच्या त्या उपासिका दिवाळीनंतर एका रुग्णालयात गेल्या. तुकडा तपासणीत मेलानोमा निघाला, खोली पाच मिलिमीटर. जांघेतील ग्रंथीही सुजल्या होत्या. टाच कापून मांडीची त्वचा तेथे बसविली, ग्रंथी काढल्या. सहा आठवडे नातीने पट्टी केली. २०२१ ची संपूर्ण दुसरी लाट त्यांनी घरात पार पाडली, लस घेतली, काठी घेऊन पुन्हा विहारात येऊ लागल्या. २०२२ च्या पावसाळ्यात रोग फुप्फुसांत दिसला आणि त्या वर्षअखेर त्या गेल्या. मार्च २०२० मध्ये दाखवले असते तर त्या वाचल्या असत्या, असे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. तेव्हा खोली किती होती, हे कोणी मोजले नव्हते.

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा रोग, ही समजूत या विलंबाला हातभार लावते. सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून संरक्षण देते, म्हणून आपल्याकडे हा रोग एकंदरीत कमी आहे, हे खरे. परंतु तळवे, तळहात आणि नखांखालची जागा येथे होणाऱ्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंध नाही. तो कोणत्याही वर्णाच्या माणसास होतो, आणि सावळ्या लोकांतील मेलानोमांत त्याचाच वाटा मोठा असतो. जमैकाचे विख्यात कृष्णवर्णीय गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा असल्याचे निदान झाले. प्रारंभी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९८१ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते मरण पावले. आपल्या देशात त्वचेचे कर्करोग ऊन सोडून अन्य मार्गांनीही आले आहेत. काश्मिरात पोटाशी कांगडी धरून शेकणाऱ्यांच्या पोटा-मांडीवर, धोतर किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे करकचून बांधणाऱ्यांच्या कमरेवर, कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळव्यांच्या जुन्या जखमांवर. यांपैकी एकही जागा परदेशी माहितीपत्रकांतील चित्रांत सहसा दिसत नाही.

म्हणून पाहावयाचे ते तेथे पाहावे. महिन्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात, दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहावीत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरातील मुलास पाहण्यास सांगावे. नवा काळा डाग, पसरणारा डाग, एकाच नखावर आलेली आणि रुंद होत जाणारी काळी रेघ, विशेषतः ती नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरत असेल तर, सहा आठवड्यांत न भरलेली जखम, भाजल्याच्या जुन्या वणावर उठलेला फोड, यांपैकी काहीही दिसल्यास सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात दाखवावे. कॉर्न कॅप लावण्यापूर्वी दाखवावे, कारण तिच्यातील आम्लाने वरची कातडी गळून डागाची कडा पुसट होते. कुरूप दाबल्यावर दुखते. मेलानोमा प्रारंभी बहुधा दुखत नाही.